टोपाचा कान

आमच्या शेजारचे गृहस्थ मालवाहू बोटीवर आचारी होते. बोटीवरची बाकीची माणसं रत्नागिरीत टेपरेकॉर्डर घेऊन यायची, हे मॅकरोनीची पाकिटं आणायचे. मग एखाद्या संध्याकाळी वहिनींना बाजूला बसवून घरच्यांसाठी स्वतः रांधायचे. कांदा, टोमॅटो, मूठभर सुक्या कोळंबीचे सोडे, घरचा लाल मसाला आणि त्या नळ्या, सगळं एकाच टोपात. तिखट इतकं की मुलं नाक पुसत पुसत पुन्हा वाढून घेत. मलाही हाक यायची.

बोलणं कमीच. स्टोव्हसमोर पाय फाकवून उभे राहायचे. उजव्या हातात डाव, डाव्या हाताने फडक्यात टोपाचा कान घट्ट धरलेला. टोप केवढाही असो, अर्ध्याच्या वर भरत नसत.

"भरा की अजून. सगळ्यांना पुरायचं कसं?" वहिनी म्हणायच्या.

"हिंदकळेल गो."

"घर हलतंय होय?"

"इथे सवय मोडली तर तिकडे भाजून घेईन," असं म्हणून ते दुसऱ्यांदा अर्धाच टोप चढवायचे. मला ते जरा नाटकीच वाटायचं.

गणपती झाल्यावर ते बोटीवर गेले. दिवाळीच्या सुमारास मी फराळाचा डबा द्यायला गेलो, तेव्हा वहिनी मुलांसाठी उरलेली मॅकरोनी शिजवत होत्या. मोठा टोप, अर्धाच भरलेला. डाव्या हाताने त्यांनी त्याचा कान धरला होता.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"रेडिओवर वादळाचं सांगतायत, भाऊजी," त्या म्हणाल्या. डबा त्यांनी एकट्या उजव्या हातानेच घेतला, डावा टोपाच्या कानावरच होता.