कानवाले मिस्त्री आणि त्यांची पहारेकरीण

आमच्या गल्लीत फ्रिज दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. होते म्हणजे आहेत, चांगले ठणठणीत आहेत, फक्त हत्यारांची पिशवी खुंटीला टांगलीय. त्यांना सगळे 'कानवाले' म्हणायचे. हे नाव मीच ठेवलेलं. हा माणूस कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरला की आधी ओठांवर बोट ठेवून घरादाराला गप्प करायचा, मग फ्रिजच्या कुशीला कान लावून डोळे मिटायचा. मिनिटभरात निकाल! "मोटर ठीक आहे. आत पंखा अडतोय." आणि खरंच पंखाच निघायचा. माझं बोलणं इतकं मन लावून जन्मात कुणी ऐकलेलं नाही.

कानवाले साठीला टेकले आणि अचानक त्यांची बायको त्यांच्याबरोबर कामाला यायला लागली. पिशवी तिच्या हातात, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर. गिऱ्हाइकाशी बोलणार तीच, दारात चपला काढण्याआधी आत डोकावणार तीच. गल्लीला चघळायला एवढं पुरे होतं. मी तिचं नाव ठेवलं 'पहारेकरीण'. "चाळीस वर्षांच्या संसारानंतर बाईला संशय आलाय हो," असं मी सकाळी न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितलं. संध्याकाळी औषधवाल्याने तीच बातमी मला ऐकवली, आणि त्यात एका टायपिस्टबाईंची भर पडली होती. धंदा कसा वाढतो बघा.

मग आमचाच फ्रिज बिघडला. वर बर्फाचा डोंगर, खाली दूध नासलेलं, भाजीच्या खणाखाली पाण्याचं तळं. आणि आतून सारखं टक-टक-खर्र, टक-टक-खर्र.

"गॅस गेला," मी म्हणालो.

"तुम्हाला विचारलंय कुणी?" आमची ही म्हणाली. "कानवाल्यांना बोलवा."

जोडी आली. कानवाल्यांनी नेहमीप्रमाणे बोट ओठांवर ठेवलं, कान लावला, डोळे मिटले. मी मागे स्टुलावर चहा घेऊन बसलो होतो. म्हटलं, जरा गंमत करावी.

"मिस्त्री, पाठीवर झुरळ आहे हो तुमच्या!"

मिस्त्री जागचे हलले नाहीत. डोळे मिटलेले, चेहरा समाधानी. हलली ती पहारेकरीण. तिने झटकन वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. बाई घाबरली होती.

मग मला तिचा तो खांद्यावरचा हात दिसला. दिसत रोजच होता, पण मी बघितला त्या दिवशी. दोन बोटं टक-टक पडत होती आणि नख शर्टावरून खर्रकन ओढलं जात होतं. टक-टक-खर्र. आमच्या फ्रिजचा आवाज ती नवऱ्याच्या खांद्यावर जसाच्या तसा उतरवून देत होती.

कानवाल्यांनी डोळे उघडले. "पंखा बर्फाला घासतोय," ते म्हणाले. मग त्यांनी एक जुनं पोस्टकार्ड दाराच्या फटीत धरून दार लावलं. कार्ड अलगद सरकून बाहेर आलं. "हे बघा, दाराचं रबर ढिलं पडलंय. बाहेरची दमट हवा आत शिरते, तिचा बर्फ होतो, बर्फाने थंड हवेची वाट बंद. म्हणून वर गारठा नि खाली उन्हाळा. गॅसबिस काही गेला नाही. दिवसातून वीस वेळा दार उघडून नुसतं बघत कोण उभं राहतं?"

आमच्या हिने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी फ्रिज बंद करून दार सताड उघडं ठेवायला सांगितलं, बर्फ आपोआप वितळेपर्यंत. सुरी लावायची नाही, आतली नळी फुटते. रबर कोमट साबणपाण्याने पुसून सरळ केलं. पाणी खाली जायच्या भोकात मटाराचा दाणा अडकला होता, तो त्यांनी वायरीच्या तुकड्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला, दागिना द्यावा तसा. यातल्या एकाही कामाला कान लागत नव्हता.

ते रबर पुसत असताना पहारेकरीण मला गॅलरीत घेऊन गेली.

"भाऊ, कळलं ना तुम्हाला?"

"किती दिवस झाले, वहिनी?"

"दोन वर्षं. मशीन घ्या म्हटलं तर म्हणतात, कानवाल्याच्या कानात मशीन दिसलं तर दारात कोण उभं करेल? हात चालतात, डोकं चालतं, पण लोकांना कानच हवा. नावच तसं ठेवलंय ना कुणीतरी."

कुणीतरी खाली रस्त्याकडे बघू लागलं.

"मी सांगणार नाही कुणाला," मी म्हणालो.

"तुम्ही?" ती एवढं हसली की मला वाईट वाटलं. "गप्प बसलात तर उलट लोक विचारतील, यांना काय झालं? नका गप्प बसू. ते संशयाचं सांगताय ना, तेच सांगत राहा. जोरात सांगा. मी संशयी ठरले तर माझं काय बिघडतंय?"

पुढची चार वर्षं मी इमानाने तेच केलं. आणखी दोन टायपिस्टबाया पदरच्या घातल्या. पोटात एक खरी गोष्ट आणि तोंडात दुसरीच, हा छळ माझ्यासारख्याने कसा सोसला असेल! पण कानवाल्यांचं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. पिशवी खुंटीला लागली ती त्यांना वाटलं त्या दिवशी.

परवा भेटायला गेलो, तर कानात मशीन! म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात हिची बोटं मध्येच थांबली होती. फ्रिज तर माझ्या गालाखाली थरथरत होता. तेव्हाच ओळखलं, मागे तुम्ही काहीतरी आगाऊपणा केलाय. काय म्हणाला होतात?"

"पाठीवर झुरळ आहे म्हणालो."

"होतं का?"

"नव्हतं."

"मग ठीक," ते म्हणाले. "आता लिहा तुम्हाला काय लिहायचंय ते. चार वर्षं तोंड दाबून बसलात."

ती चहा घेऊन आली, कप ठेवला आणि सवयीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आत त्यांचा फ्रिज सुरू झाला. तिची बोटं हलली.

"ऐकू येतंय मला," कानवाले म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. बोटं काही थांबली नाहीत.