रोजची एक किक

अकोल्यातला तो मोटरसायकलींचा मिस्त्री दुकान उघडलं की आधी स्वतःची बंद मोटरसायकल पुसायचा. मग एकच किक मारायचा आणि म्हणायचा, "आज नाई." मला हसू यायचं.

लढाईमुळे मुंबईहून सुटे भाग येत नव्हते, आणि नेमके तेव्हाच माझ्या गाडीच्या किकच्या चक्राचे दाते झिजले. किक नुसती घसरायची. तिकडे दर्यापूरला बहीण बाळंतपणात अडली होती. मिस्त्रीनं आपल्या तशाच गाडीचं चक्र काढून माझ्या गाडीला बसवलं.

"अन् तुमची गाडी?"

"ते कुठं चालून राहिली, वकीलसाहेब? जा तुमी."

बहीण सुखरूप सुटली. परतल्यावर सकाळीच सांगायला गेलो, तर तो गाडी पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं सवयीनं किक मारली. पाय सरळ खाली गेला.

"आज नाई," तो म्हणाला.