फोनमधल्या बाईंनी सांगितलेले थेंब

"दिवसातून चार वेळा डॉक्टर डोळ्यात थेंब घालावा," फोनमधल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं.

डॉ. कावेरी मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "वैशाली, हे काय?"

मी डिस्चार्ज शीटवर बोट ठेवलं. तिथे 'डा. डोळा' असं होतं. डावा.

मैसूरुच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये मी पेशंट कौन्सेलर आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की घरी काय करायचं ते समजावणं आणि त्याचा कागद लिहिणं हे माझं काम. मॅडमनी मजकूर वाचून दाखवणारं एआय टूल आणलं होतं. कन्नड मजकूर एका सहकाऱ्याकडे, मराठी माझ्याकडे. मी 'डा.'चं 'डावा' केलं. प्रश्न सुटला, असं वाटलं.

त्याच दिवशी लष्कर मोहल्ल्यातल्या शिंदेकाकांचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, घरात अजून मराठी. काका कन्नड वाचायचे, पण आता एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातही मोतीबिंदू. थेंब काकू घालणार होत्या आणि त्यांना कुठलीच लिपी येत नव्हती. चाचणीला याहून योग्य जोडपं मिळालं नसतं.

मी ऑडिओ लावला.

"वरील चित्रात दाखवल्याप्रमाणे," बाई म्हणाल्या.

दोघांनी मान वर केली. काकू बराच वेळ पंख्याकडे बघत होत्या.

ऑडिओ संपला. मी विचारलं, "कळलं?"

"बाई छान बोलते की. मराठीच ना, अल्वा?" काकू म्हणाल्या. "पण अर्थ आगलिल्ला."

म्हणजे काहीही कळलं नव्हतं.

"ती म्हणाली तो नेत्रबिंदू म्हणजे मोतीबिंदूच न्हवं?" काका म्हणाले. "तो तर काढला. परत कशाला घालायचा?"

मी हसले. कागदावर थेंबांना एके ठिकाणी 'नेत्रबिंदू' म्हटलं होतं. मग काकूंना म्हटलं, "सहा वेळा घालायचं औषध दाखवा बघू."

त्यांनी चार वेळांची बाटली उचलली. माझं हसू थांबलं. बाई 'प्रथम औषध सहा वेळा' म्हणाल्या होत्या. कागदावर त्याच्याशेजारी बाटलीचं चित्र होतं. फोनमध्ये कुठून असणार? सूज उतरवणारं ते सहा वेळांचं औषध कमी पडलं असतं, तर डोळ्याला त्रास झाला असता.

मी दोन्ही बाटल्या हातात घेऊन नीट समजावलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही शेजारणीला कसं सांगाल?"

"सुम्ने, साधं सांगायचं. गुलाबी झाकण सहा वेळा, पांढरं चार वेळा. आधी हात धू. दोन औषधांच्या मध्ये स्वल्प थांब."

मी तेच लिहिलं. 'स्वल्प'च्या जागी पाच मिनिटं घातली, तेवढंच. नवा ऑडिओ ऐकल्यावर काकूंनी लगेच गुलाबी झाकण उचललं.

"आता शहाणी झाली ही बाई," त्या म्हणाल्या.

तपासणीला आठवड्याने काका आले ते काकूंच्या पुढे चालत. डोळा स्वच्छ. तक्त्यावरची खालून दुसरी ओळ त्यांनी घडाघडा वाचली आणि काकूंनी टाळी वाजवली.

मॅडम खूश झाल्या. "टूल चांगलं आहे. आता छापील कागदही असाच लिहून टाक."

मी मान डोलावली. तो जुना कागद मी नऊ वर्षं पेशंटच्या हातात देत होते. एकदाही मोठ्याने वाचून बघितला नव्हता.