वल्हं थांबवून बोलणारा

खाडीवर पूल नव्हता तेव्हा मी रोज एका नावाड्याच्या होडीने पलीकडच्या शाळेत शिकवायला जायचो. बोलायचं झालं की तो वल्हं थांबवायचा. होडी वाहत जायची, आम्हाला उशीर व्हायचा, पण रागावत कुणी नसे.

मंदीत पर्यटक आटले, तेव्हा सरकारने खाडीकाठी कांदळवन लावायचं काम काढलं. त्याच्या बायकोसकट गावातल्या बायकांना मजुरी मिळू लागली. वर्ष सरताना तालुक्याचे पुढारी होडीत बसून म्हणाले, "तिजोरीत खडखडाट आहे. झाडांचा खर्च बंद करून धक्का बांधू."

त्याने वल्हं थांबवलं. "साहेबानू, तंगी आसा म्हणानच ह्या काम व्हया. धक्क्याक ठेकेदार भायरसून माणसां हाडतलो. आमच्या बायकांनी खंय जावचा?"

"अरे, होडी चालव."

"आदी सांगा, मगे चालवतंय."

ओहोटीने होडी रोपांपाशी नेली. चिखलात वाकलेल्या बायका ताठ होऊन बघू लागल्या. पुढारी ओशाळून म्हणाले, "बघतो हं." तेव्हाच तो वल्हवू लागला.

काम शेवटी बंद झालंच. धक्का झाला, मागून पूल आला, त्याची होडी गेली. पुलावर मी अजून गाडी कडेला घेतो. त्या एका वर्षाची कांदळं खाली दाट माजली आहेत, आणि काम थांबलं तिथे ती एकदम संपतात.