न मागितलेली बारी

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त दमवलं ते करारातल्या एका ओळीनं. "धान पुरवण्यासाठी प्रयत्नांची शिकस्त करीन" अशी ती ओळ होती. गोंदियाच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसानं ती सहज लिहून टाकली होती. शिकस्त म्हणजे नेमकं किती, एवढंच न्यायालयाला ठरवायचं होतं. दावा दाखल झाला तेव्हा गोंदिया मध्य प्रदेशात होतं आणि निकाल लागला तेव्हा मुंबई राज्यात. मधल्या काळात तारखांशिवाय काही हललं नाही.

मी तेव्हा फुलचूरहून पायी कोर्टात येत असे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. सीनियर वकिलांनी मला जवळ केलं, आपला जुना काळा कोट दिला आणि कपाटातली पुस्तकं उघडी करून दिली. ते ऋण मी आजही मानतो. त्या कोटाच्या बाह्या मला लांब होत्या. लिहिताना त्या दुमडाव्या लागत.

आमचा पक्षकार नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका गावातला शेतकरी होता. त्याच्या वाडवडिलांनी गावचा तलाव बांधलेला. मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाला तरी पाणी कोणी सोडायचं हे गावच ठरवत होतं, आणि गावानं त्यालाच पाणकर ठेवलं होतं. तलावाच्या पारीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचं जे तोंड असतं त्याला तिकडे तुडूम म्हणतात. ते उघडून एकेकाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, बारीबारीनं पाणी द्यायचं, हे पाणकराचं काम. त्याची स्वतःची बारी सगळ्यांत शेवटी, हा जुना रिवाज.

गोंदियातल्या एका राइस मिलच्या शेठला बारीक, वासाचा धान हवा होता. पिकायच्या आधी धानाचा पक्का शब्द द्यायला हा माणूस तयार नव्हता, म्हणून शिकस्तीची ओळ आली. त्या वर्षी धान गर्भात असतानाच पाऊस थांबला. तलावात पाणी थोडं. सगळ्यांच्या बाऱ्या होईपर्यंत तळाला चिखल उरला आणि याची बांधी वाळली. शेठनं नुकसानभरपाईचा दावा लावला. त्याचं म्हणणं सरळ होतं : पाणी याच्या हातात होतं आणि यानं ते घेतलं नाही, मग शिकस्त कसली?

पहिल्याच दिवशी पाणकर सीनियरांना म्हणाला, "हरलो त हरलो, वकीलसाहेब. पर मी कोशीश नाही केलो, असं कागदावर नोका लिहू देऊ." पैशाचं तो काही बोललाच नाही. ज्याच्या हाती गाव पाणी देतं त्याच्याबद्दल असं लिहिलं जाणं म्हणजे काय, हे मला हळूहळू कळत गेलं.

मी कपाटातले निकाल वाचत बसलो. शिकस्तीबद्दल न्यायाधीशांचं एकमत नव्हतं. कोणी म्हणे, शक्य ते सगळं करायला हवं. कोणी म्हणे, शहाणा माणूस स्वतःच्या कामासाठी जेवढं करील तेवढं पुरे, त्यात स्वतःचा नाश करून घेणं येत नाही आणि दुसऱ्याचा हक्क हिसकावणं तर नाहीच. हा दुसरा विचार आम्हाला सोयीचा होता. मी त्याची टिपणं काढली, सीनियरांनी ती खोडली, मी पुन्हा काढली. तारीख पुढे जाई आणि पाणकर नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं परत जाई. सोबत त्याचा शेजारी असे, आमचा साक्षीदार. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून तो म्हणे, शेठले भात बारीक पायजे, पर दावा मोठा जाडा करून राहिला. पाणकर हसत नसे.

शेवटी उलटतपासणी झाली. मिलच्या वकिलांनी विचारलं, तुडूम तुमच्या हातात असताना का उघडलं नाही. पाणकर म्हणाला, बारी माही नव्हती. मग वकिलांनी त्याला विचारलं, "हाच धान तुमच्या घरच्यासाठी असता, तर?"

"घरचा खायाचा धानई त्याच बांधीत होता साहेब. तोई वाळला."

न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ते उत्तर स्वतः लिहून घेतलं. स्वतःच्या कामासाठी जेवढं करील तेवढं, हे माप त्यानं न शिकवता दिलं होतं. सीनियरांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थाप मारली. आपण जिंकलो असं मला वाटलं.

नंतर शेजारी उभा राहिला. पाणकराची बांधी वाळू लागली त्या आठवड्यात बारी त्याची होती. मिलच्या वकिलांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, यानं तुमची बारी मागितली असती तर तुम्ही दिली असती का?

"देलो असतो ना. त्याले नाही कोन म्हनन? साऱ्या गावात कोनी नाही म्हनत त्याले."

आपल्या मित्राची अब्रू वाढवली अशा खुशीत त्यानं आमच्या बाकाकडे पाहिलं. सीनियरांनी डोळे मिटून घेतले.

निकाल लांबलचक नव्हता. दुसऱ्यांच्या बारीचं पाणी घेणं शिकस्तीत येत नाही, हे आमचं म्हणणं न्यायाधीशांनी मान्य केलं. पण बारी मागणं येतं. मागायला खर्च नाही, कोणाचा हक्क जात नाही, आणि मागितली असती तर मिळाली असती, हे प्रतिवादीच्याच साक्षीदारानं सांगितलं. पाणकरानं मागणं म्हणजे हुकूमच, कारण त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही, हा मी लिहिलेला मुद्दाही त्यांनी टाळला नाही. रिवाज आदराचा आहे, असं ते म्हणाले. परंतु करार करताना प्रतिवादीनं तो शेठला सांगितला नव्हता. स्वतःवर घातलेलं बंधन ज्यानं समोरच्याला कळवलं नाही, त्याला मागाहून त्याचा आडोसा घेता येत नाही. एका बारीत जेवढा धान वाचला असता तेवढ्यापुरता हुकूमनामा झाला. आणि कागदावर ते वाक्य आलं : प्रतिवादीने प्रयत्नांची शिकस्त केली नाही.

कायदा म्हणून मला त्यात आजही चूक सापडत नाही. पुष्कळदा शोधून पाहिली.

बाहेर चिंचेखाली शेजारी पाणकराजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तू इचारला असता त खरंच देलो असतो."

"म्हनूनच नाही इचारलो," पाणकर म्हणाला.

दोघं एकाच गाडीनं गेले.

निकालाची नक्कल घेऊन मी पुढच्या दिवाळीनंतर त्याच्या गावी गेलो. भरपाई त्यानं केव्हाच देऊन टाकली होती. नक्कल त्यानं दोन्ही हातांनी घेतली आणि न उघडता फळीवर ठेवली. तुडूम अजून त्याच्याकडेच होतं. मला घेऊन तो पारीवरून चालत गेला. खाली सगळ्यांचा भारी, म्हणजे उशिरा येणारा, धान पिवळा होऊ लागला होता आणि त्यांच्यामध्ये याची एकटी बांधी कापून मोकळी पडली होती. त्यानं हलका धान लावला होता. तो पावसावरच येतो आणि तलावाच्या बाऱ्या सुरू व्हायच्या आत कापायला होतो.

"वास नाही त्याले, जाडा हाय," तो म्हणाला. "पर मले आता बारीच लागत नाही."

शेठकडे परत जाणार का, असं मी विचारलं. त्यानं नाही म्हणून हात हलवला.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. भात खरंच जाडा होता, गरम होता. चालून दमलो होतो. मी आणखी मागून घेतला.