चाकाला हात

आमच्या छोट्या स्टेशनवर पूल होता, पण तो चढतो कोण? मधल्या रुळावर मालगाडी उभी असली की सगळे तिच्याखालूनच पलीकडे जात. जवळच्या प्लांटमध्ये कामाला असलेल्या बाबांनीच मला शिकवलं होतं, "आधी चाकाले हात लाव. गरम असलं तं गाडी आत्ताच थांबली, इतक्यात हालत नाही. थंड असलं तं जायचं नाही."

मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारच्या काकूंनी चाकाला हात लावला. "गरम आहे, चाल लवकर," म्हणत त्या पदर खोचून डब्याखाली वाकल्या. मी आधारासाठी बाजूचा लोखंडी खांब धरला आणि हात पोळून मागे घेतला. त्या उन्हात कुठलं लोखंड थंड राहणार होतं?

काकूंचे नुसते पाय बाहेर दिसत होते. इंजिनाकडून डबे ओढले जाण्याचे खटके एकामागून एक आमच्याकडे येऊ लागले.