एकादशीला बांधलेला लीडर

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला एकच ध्यास लागला होता: ती काठी माझ्या हातात यायला हवी. पिंपरीच्या कारखान्यातला परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ह्यांना आपली मासे धरायची काठी देऊन गेला होता. हिला गांडूळ लागत नाही. पिसांची खोटी माशी गळाला बांधायची आणि पाण्यावर अलगद टाकायची. रहाटणीला नदीवर हे ती फेकू लागले, की दोरी हवेत अशी सळसळायची की मी धुणं सोडून बघत राहायचे. "मला द्या ना," म्हटलं की हसायचे. "बायामानसाचं काम न्हाई ते."

मग एका दांडग्या महसीर माशाने ह्यांचा लीडर तोडला. लीडर म्हणजे जाड दोरी आणि माशी यांच्यामधला निमुळता धागा, पाण्यात न दिसणारा. साहेबाने डबीत कसल्याशा वाळक्या धाग्याच्या जाड-बारीक तारा ठेवल्या होत्या, त्या जोडून नवा करायचा. पण ह्यांनी गाठ आवळली की तार कट्टकन तुटायची.

मी पुण्याच्या पटवेकऱ्याची लेक. मंगळसूत्रं गाठवण्यात आमच्या पिढ्या गेल्या. म्हटलं, "मी बांधते. माझी एकही गाठ दगा देणार नाही. नाही दिला, तर काठी मला."

"दिली. पर माशीची गाठ मीच मारनार."

"मारा की!"

ह्यांची सुट्टी नेमकी एकादशीला आली. "मासा आज धरायचा, उद्या खायचा, मग पाप कसलं?" असा ह्यांचा हिशेब. मी माहेरच्या सवयीने एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि बाकीच्या तारा रेशमासारख्या तोंडात धरल्या. आणि काय सांगू, थुंकीने भिजून त्या मऊ पडल्या! गाठ लोण्यात बसावी तशी बसली. मला तर नाचावंसं वाटलं.

सासूबाईंनी चुलीजवळून विचारलं, "भगर टाकू का गं?"

मी नुसती हुंकारले.

"त्वांडात काय हाय?"

"रेशमाच्या किड्याचं आतडं. त्याच्याच तारा हाईत त्या," हे म्हणाले.

"आगं, उपास हाय ना तुजा!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी तोंडातलं काढलं आणि ओरडले, "अहो, पण गाठी बसल्या!"

संध्याकाळी नदीवर ह्यांनी माशी बांधली आणि फेकली. पाणी फुटलं, मासा लागला, काठीची कमान झाली. "दोरी सोडा! अहो, सोडा!" सगळ्या घाटादेखत मी किंचाळत होते. आणि एकदम दोरी सैल पडली.

"तुटली तुझी गाठ," हे म्हणाले.

मी दोरी ओढून घेतली आणि एकेक गाठ चाचपली. सगळ्या जागच्या जागी! टोकाला ह्यांनी बांधलेली माशी तेवढी नव्हती, आणि तारेचं टोक गोल गोल वळलेलं होतं. तुटलेला धागा असा वळत नाही. सुटलेली गाठच असं वळण मागे ठेवते. मी ते टोक ह्यांच्या नाकासमोर धरलं.

ह्यांनी ते बोटांत फिरवून बघितलं. मग काठी माझ्या हातात दिली. "पदर खोच. मागं बाभळ हाय, दोरी अडकंल, बघून फेक."

नवी माशी मीच बांधली. त्याआधी तारेचं टोक खुशाल तोंडात धरलं. एकादशी अजून सुटायची होती.